नळाचें पाणी आणि घरचें सोंवळें

घरांतलीं दुखणीं चव्हाट्यावर मांडूं नयेत असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे, आणि या सदरांतही आजवर तो शक्य तितका पाळला आहे. परंतु या महिन्यांत तो मोडणें भाग आहे. जें दुखणें आमच्या घरीं आलें, तें वाचकांपैकीं कोणाच्याही घरीं येऊं शकेल. आणि त्याचें मूळ शोधतांना जें हातीं लागलें तें संकोचानें झांकून ठेवणें म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणांत साप शिरतांना पाहून गप्प बसण्यासारखें होईल.

गेल्या वर्षीं आषाढ संपतां संपतां आमच्या धाकट्या सूनबाईंना कावीळ झाली. त्यांना सातवा महिना होता. आरंभीं चार दिवस अन्नावरची वासना उडाली, मळमळ होऊं लागली. तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं तें दिवसांचेंच लक्षण समजून आवळासुपारी आणि लिंबाचें सरबत पुढें केलें. पांचव्या दिवशीं सकाळीं त्या देवघरांत दिवा लावीत असतां आमच्या सौ.चें लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलें. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्याच दिवशीं दुपारीं मोटार करून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणीं इस्पितळांत नेलें.

रक्त तपासून डॉक्टरांनीं सांगितलें कीं, ही ‘ई’ जातीची कावीळ आहे. एरवीं हा रोग बहुधा आपोआप बरा होतो. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जडला, तर शंभरांत वीस ते पंचवीस स्त्रिया दगावूं शकतात. हें वाक्य त्यांनीं आमच्या चिरंजीवांना बाजूस बोलावून सांगितलें. मी जवळच बांकावर बसलों होतों, मला तें ऐकूं आलें. उभा जन्म मुलांना शेंकडेवारी शिकविण्यांत गेला. पण शंभरांत पंचवीस म्हणजे चारांत एक, हें गणित त्या दिवशीं प्रथम समजलें.

सूनबाई एकोणीस दिवस इस्पितळांत होत्या. ईश्वरकृपेनें आणि डॉक्टरांच्या दक्षतेनें त्या बऱ्या झाल्या. आश्विनांत त्यांना मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. हें आधींच सांगून टाकतों, म्हणजे वाचकांचें चित्त पुढील मजकुरावर स्थिर राहील.

हा रोग तोंडावाटें शरीरांत शिरतो आणि बहुतेक वेळां मैल्याचा संसर्ग झालेल्या पाण्यांतून येतो, असें सांगून डॉक्टरांनीं दोन प्रश्न विचारले. ‘पाणी कोणतें पितां?’ आणि ‘तेंच पाणी आणखी कोण पितें?’ पहिल्याचें उत्तर सोपें होतें: नळाचें. दुसऱ्याला मीं तितक्याच सहजपणें उत्तर दिलें, ‘घरचीं माणसें, दुसरें कोणी नाहीं.’ तेव्हां खाटेवर पडलेल्या सूनबाई क्षीण आवाजांत म्हणाल्या, ‘मामंजी, भांडीं घासणाऱ्या बाई रोज आपल्या नळावरून दोन गुंड भरून नेतात. त्यांचा मुलगाही आठ दिवस झाले अंथरुणावर आहे.’

आर्वीस परत येतांच मी त्या बाईंच्या घरीं गेलों. बारा वर्षें त्या आमच्याकडे येत आहेत. त्यांचें घर मीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें. पंधरा वर्षांचा मुलगा गोधडीवर पडला होता, गळ्यांत काविळीची माळ होती, आणि डोळे पिवळेजर्द. त्यालाही दवाखान्यांत दाखविलें, आणि महिन्याभरानें तो हिंडूंफिरूं लागला. परंतु तो मुलगा पिवळा पडलेला असतां त्याची आई आठ दिवस आमचीं भांडीं घासत होती, आणि एका सूनबाईंखेरीज घरांतील कोणीही त्यांना एका शब्दानें विचारलें नव्हतें, ही गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं.

माझा पहिला संताप अर्थातच नगरपरिषदेवर झाला. रात्रीं बसून दोन ताव भरून अर्ज लिहिला. त्यांत नागरिकांचे हक्क होते, अधिकाऱ्यांचीं कर्तव्यें होतीं, आणि खरें सांगावयाचें तर दोन संस्कृत सुभाषितेंही होतीं. सकाळीं अर्ज देण्यास निघालों, तों वाटेंत एक जुना विद्यार्थी भेटला. पाणी तपासण्याच्या कामाची त्याला माहिती आहे. सर्व हकीकत ऐकून तो म्हणाला, ‘गुरुजी, अर्ज अवश्य द्या, पण आधीं बाटल्या भरा.’

त्यानें मला तीन लहान बाटल्या दिल्या. प्रत्येकीच्या तळाशीं औषध लावलेल्या कागदाची एक पट्टी होती. बाटलींत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागीं एकदोन दिवस ठेवावयाची; पाण्यांत मैल्यांतील जंतु असतील, तर तें काळें पडतें. ही सोपी युक्ति १९८२ सालीं ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केली, आणि आज ती जगांत अनेक देशांत वापरली जाते. काविळीचा विषाणु या बाटलींत दिसत नाहीं, परंतु ज्या मैल्यांतून तो येतो त्या मैल्याची चाहूल तिच्यांत लागते. एक बाटली मीं रस्त्यावरील सार्वजनिक नळावर भरली, दुसरी शेजाऱ्यांच्या नळावर आणि तिसरी आमच्या स्वतःच्या. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पाहतों, तों पहिल्या दोन जशाच्या तशा होत्या. आमची दौतींतल्या शाईसारखी काळी झाली होती.

नळकाम करणाऱ्या कारागिराला बोलावून खणावयास लावलें. रस्त्याच्या पलीकडील मोठ्या नळापासून आमच्या घरापर्यंतची लोखंडी नळी माझ्या वडिलांनीं घातलेली होती. ती नालीच्या तळांतल्या गाळांतून येत होती, आणि त्या गाळांतच ती गंजून तिला करंगळी जाईल एवढें भोंक पडलें होतें. आपल्याकडील काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक असतो: पावसाळ्यांत ती फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात हात भेगा पडतात. ही दर वर्षाची ओढाताण नळ्यांच्या सांध्यांना सोसावी लागते. वर्धा नदीच्या या खोऱ्यांत कापूस ज्या मातीमुळें पिकतो, तीच माती नळ्यांची वैरीण आहे.

आतां कोणीही विचारील कीं, भोंक पडलें तर पाणी बाहेर जाईल; नालींतली घाण आंत कशी येईल? उत्तर असें कीं, नळीत पाण्याचा जोर असेपर्यंत तें बाहेरच जातें. परंतु आपल्या बहुतेक गांवांना पाणी ठराविक वेळींच सुटतें. पुरवठा बंद झाला, कीं नळी रिकामी होऊं लागते. पाणी उताराकडे जातांना मागें ओढ उत्पन्न होते, आणि भोंवतालची घाण त्या भोंकांतून आंत शिरते. दुसऱ्या दिवशीं पाणी सुटलें, कीं पहिल्या लोंढ्याबरोबर ती घाण घरांत येते. नळाचें पहिलें पाणी गढूळ असतें याचें एक कारण हें.

आमच्या घरीं याहूनही वाईट प्रकार होता. पाण्याचा जोर कमी पडतो, शेजारी पंप लावतात, मग आपणच कां मागें राहावें, अशा विचारानें दोन वर्षांपूर्वीं मीं थेट नळीलाच एक टिल्लू पंप जोडून घेतला होता. अशा पंपाला बहुतेक नगरपरिषदांची मनाई असते, हें मला माहीत होतें. पंप पाणी ओढतो, आणि नळीला भोंक असेल तर भोंकाबाहेर जें असेल तेंही ओढतो. तात्पर्य, ज्या विषानें आमची सून मरणाच्या दारांत गेली, तें विष मीं स्वतः विजेचे पैसे भरून नालींतून घरांत खेंचून आणलें होतें. तो दोन तावांचा अर्ज अद्याप माझ्या टेबलाच्या खणांत आहे.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत एक मार्मिक दृष्टांत आहे. निवळीच्या झाडाचें फळ पाणी स्वच्छ करतें खरें, परंतु केवळ त्याचें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, असा त्याचा आशय आहे. तेथें तो धर्माच्या बाह्य चिन्हांविषयीं आला आहे. मीं तो अनेक वेळां मुलांना समजावून दिला; स्वतःच्या नळाविषयीं तो लागू करण्याची बुद्धि मात्र झाली नाहीं.

आपल्या पूर्वजांना पाण्याची काळजी नव्हती असें मुळींच नाहीं. निवळीचें बीं उगाळून रांजणांत घालण्याची चाल आपल्या आज्यांच्या वेळेपर्यंत होती. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत विहिरीचें पाणी सुधारण्यासाठीं नागरमोथा, वाळा, आवळा आणि निवळी यांचा योग सांगितला आहे. आजच्या जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटीनें जें काम होतें, तें तत्त्वतः निवळीच्याच जातीचें आहे: पाण्यांत तरंगणारे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशीं बसतात. वस्त्रानें गाळून पाणी प्यावें ही आज्ञाही त्याच सहाव्या अध्यायांत आहे. ती केवळ भाबडी समजूत नव्हे. बांगलादेशांतील खेड्यांत जुन्या साडीच्या चार ते आठ घड्यांतून पाणी गाळून पाहण्याचा एक मोठा प्रयोग झाला, आणि २००३ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पटकीचें प्रमाण ४८ टक्क्यांनीं घटलें होतें. पटकीचे जंतु पाण्यांतील बारीक जीवांना चिकटून राहतात, आणि ते जीव साडीच्या घड्यांत अडकतात. परंतु काविळीचा विषाणु इतका सूक्ष्म असतो, कीं त्याला कितीही घड्यांचें वस्त्र अडवूं शकत नाहीं. जुन्या ज्ञानाचा अभिमान बाळगावा, पण त्याची सीमाही ओळखावी.

येथें एक कडू गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. माझी आजी मरेपर्यंत नळाचें पाणी पूजेला घेत नसे. कारण नळाच्या तोटींत चामड्याची चकती असते. ओलेत्यानें विहिरीचें पाणी शेंदून आणावें, वाटेंत कोणाचा स्पर्श होऊं देऊं नये, झाला तर तें ओतून द्यावें, हा तिचा नित्यनेम. तिच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. परंतु त्याच विहिरीपासून चार हातांवर धुण्याची शिळा होती, आणि आमच्या न्हाणीघराचें सांडपाणी तिच्या कडेनें जमिनींत मुरत होतें. माणसाच्या हातापासून आम्ही पाणी जपलें, मोरीपासून जपलें नाहीं.

ही एका घराची चूक नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां गांवांतील सनातन्यांनीं नंतर पंचगव्यानें त्या तळ्याची ‘शुद्धि’ केली. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, तें माणसांच्या ओंजळीनें विटाळलें! आपल्याच वर्ध्यास पुढच्या वर्षीं, १९२८ सालीं, जमनालाल बजाज यांनीं लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्यांना खुलें केलें, तेव्हां कितीजणांच्या कपाळावर आंठ्या चढल्या असतील याची कल्पना करवते. आतां तो काळ गेला असें आपण म्हणतों. परंतु ‘हें पाणी आणखी कोण पितें?’ असें विचारतांच माझ्या तोंडून ‘दुसरें कोणी नाहीं’ हें उत्तर निघालें, तेव्हां तो काळ माझ्या जिभेवर शिल्लक होता.

रोगाला मात्र असा भेद कळत नाहीं. त्याला केवळ नळी कळते. १८९२ सालीं जर्मनींतील हांबुर्ग शहरांत पटकीची भयंकर साथ येऊन साडेआठ हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्याला लागूनच आल्टोना नांवाचें दुसरें शहर होतें, आणि तें त्याच एल्ब नदीचें पाणी हांबुर्गच्या खालच्या अंगास, म्हणजे हांबुर्गची घाण मिसळल्यावर, घेत असे. तरीही आल्टोना बहुतांशीं वांचलें. कारण तें पाणी वाळूच्या थरांतून सावकाश गाळून घेई, आणि हांबुर्ग गाळल्यावांचून पीत असे. दोन्ही शहरांच्या सीमेवरील एका रस्त्यावर तर एका बाजूच्या घरांत पटकी आणि दुसऱ्या बाजूस आरोग्य असा देखावा होता. आमच्या गल्लींतील तीन बाटल्यांनीं जें लहान प्रमाणांत दाखविलें, तें त्या रस्त्यानें जगाला दाखविलें.

दुसरें उदाहरण आपल्या राजधानीचें आहे. १९५५ सालच्या पावसाळ्यानंतर दिल्लीस यमुनेचा प्रवाह बदलला आणि एका नाल्याचें घाण पाणी शहराला पाणी पुरविण्याच्या जागेपर्यंत मागें चढलें. अधिकाऱ्यांच्या तें लक्षांत आलें आणि त्यांनीं क्लोरीन वाढविला. त्यामुळें विषमज्वराची साथ आली नाहीं. पण पुढील दोनतीन महिन्यांत सुमारें २९ हजार लोकांना कावीळ झाली, आणि गर्भवती स्त्रियांचे मृत्यु विशेष झाले. जपून ठेवलेल्या रक्ताच्या तपासणीवरून अनेक वर्षांनीं सिद्ध झालें कीं, ती याच ‘ई’ जातीची कावीळ होती. क्लोरीन मोठा पहारेकरी खरा. परंतु गढूळ आणि मैल्यानें भरलेल्या पाण्यांत त्याची शक्ति घाणीशीं झुंजण्यांतच खर्ची पडते. आधीं पाणी निवळावें, गाळावें आणि मग क्लोरीन द्यावा, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

आमच्या घरच्या दुखण्याची वार्ता गांवांत पसरतांच पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें विकणारा एक तरुण दारांत उभा राहिला. त्यानें दोन पेले मांडले. एकांत आमचें नळाचें पाणी, दुसऱ्यांत त्याच्या आर्. ओ. यंत्राचें. दोहोंत लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या बुडवून त्यानें वीज सोडली. आमच्या पेल्यांत गढूळ, तांबूस-काळसर गाळ उसळला. त्याचें पाणी स्वच्छच राहिलें. घरांतील बायका घाबरून गेल्या. मीं त्याच्या स्वच्छ पेल्यांत चिमूटभर मीठ टाकलें आणि पुन्हां वीज सोडावयास सांगितली. तोही पेला तसाच गढूळ झाला. तो गाळ म्हणजे कांडीचें झिजलेलें लोखंड. पाण्यांत क्षार असले कीं वीज वाहते आणि लोखंड झिजतें. याचा रोगाशीं कांहीं संबंध नाहीं.

पाण्यांतील एकूण क्षार मोजण्याचें जें लेखणीसारखें यंत्र घरोघरीं दाखवितात, तें क्षार दाखवितें, जंतु नव्हे. भारतीय मानकाप्रमाणें दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलें पाणी चांगलें समजतात. तेवढ्यासाठीं आर्. ओ. यंत्र घेतलें, तर प्रत्येक पेल्यामागें त्याहून अधिक पाणी मोरींत जातें, आणि तें यंत्र क्लोरीनही काढून टाकतें; म्हणजे साठविलेल्या पाण्यावर पहारा उरत नाहीं. जेथें खाऱ्या बोअरचें पाणी प्यावें लागतें, किंवा यवतमाळ-चंद्रपुराकडील कांहीं गांवांप्रमाणें पाण्यांत फ्लोराइड अधिक असतें, तेथें त्याचा उपयोग आहे. लग्नामुंजींत आणि दुकानांत येणाऱ्या थंडगार जारांविषयीं एवढेंच म्हणतों: पाणी थंड आहे यावरून तें शुद्ध आहे असें ठरत नाहीं.

मग गृहस्थानें करावें काय? मीं जें केलें तें सांगतों. पंप काढून टाकला. नवी नळी नालीच्या वरून, वेगळ्या आवरणांतून घेतली. आमच्या खर्चानें केलेलें हें काम पाहून गल्लींतील आणखी चार घरांनीं आपापल्या नळ्या खणून पाहिल्या. त्यांपैकीं दोन नालींतच होत्या. गच्चीवरील टाकी वर्षांतून दोनदां घासून धुतों आणि तिचें झांकण बसवून ठेवतों. नळाचें पहिलें पाणी झाडांना जातें. पिण्याचें पाणी पावसाळ्याचे चार महिने उकळतों. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरें होतें, अर्धा तास इंधन जाळण्याचें कारण नाहीं. उकळलेलें पाणी तोटीच्या माठांत ठेवतों. इतकें करून शेवटीं त्यांत हात बुडविला तर सगळें व्यर्थ. म्हणून ज्या घरीं तोटी नाहीं, त्यांनीं लांब दांड्याचें ओगराळें ठेवावें. घरांत गर्भवती स्त्री असेल, तर या नियमांना कोणत्याही ऋतूंत अपवाद नाहीं.

टाकींतील पाणी शुद्ध करावयाचें असल्यास दर हजार लिटरला पांच ग्रॅम टी. सी. एल्. म्हणजे ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलींत कालवावी, चुना खालीं बसूं द्यावा, वरची निवळी टाकींत ओतावी आणि निदान अर्धा तास थांबावें. पाण्याला औषधाचा वास येतो अशी आपल्या घरांतून नेहमीं तक्रार असते. तो मंद वास म्हणजे राखणदाराच्या काठीचा आवाज आहे. तो ऐकूं येईनासा झाला, म्हणजे काळजी करावी. ग्राहकाच्या तोटीशीं दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असें भारतीय मानक सांगतें. ओ. टी. नांवाच्या द्रवाचे दोन थेंब नळाच्या पाण्यांत टाकले, कीं क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. एवढी साधी परीक्षा शाळेंतील मूलही करूं शकतें.

परंतु घरची नळी नीट केली म्हणजे नगरपरिषद मोकळी झाली, असा अर्थ कोणी करूं नये. पाणीपुरवठा हें १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाप्रमाणें नगरपरिषदांचें बंधनकारक कर्तव्य आहे. तो त्यांचा उपकार नव्हे. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत हातपाय लुळे करणाऱ्या गियां-बारे विकाराची साथ आली, आणि संशयित धरून रुग्णांची संख्या दोनशेंच्या वर गेली. अनेक रुग्णांच्या तपासणींत दूषित अन्नपाण्यांतून येणारा जंतु आढळला, आणि तेथील विहिरीच्या पाण्यावर सर्वांची दृष्टि गेली. घरें भराभर वाढलीं, परंतु शुद्ध पाण्याची नळी त्या वेगानें वाढली नाहीं, तर काय होतें, याचा हा धडा आहे. आर्वीसारख्या वाढत्या गांवांनीं तो दुसऱ्याच्या खर्चानें शिकून घ्यावा हें उत्तम.

नळींत जोर सतत राहिला, तर घाण आंत शिरूं शकत नाहीं. म्हणून चोवीस तास पाणी ही चैन नसून आरोग्याची गोष्ट आहे. कऱ्हाडजवळच्या मलकापुरानें मोजमाप बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखविलें, आणि तें मोठें शहर नव्हे. जगन्नाथपुरींत २०२१ च्या जुलैपासून थेट तोटीचें पाणी प्यावें अशी व्यवस्था झाली. आपण अशी मागणी करावी. परंतु मीटर लावण्यास आणि पाणीपट्टी वेळेवर भरण्यासही तयार असावें. आपल्या नळाच्या पाण्याचा तपासणी-अहवाल दर महिन्यास फलकावर लावा, असें दहा घरांनीं मिळून विनयपूर्वक लिहून द्यावें. असा अर्ज मीं आतां केला आहे. तो अर्ध्या तावाचा आहे आणि त्यांत सुभाषित नाहीं. त्यावर गल्लींतील सोळा घरांच्या सह्या आहेत. त्यांत त्या भांड्यांच्या बाईंची सही तिसरी आहे. ती त्यांच्या मुलानें त्यांना शिकविली.

आतां पुन्हां आषाढ जवळ आला आहे, म्हणून हें सर्व लिहिलें. जातां जातां एक लहानशी गोष्ट सांगून पुरें करतों. चैत्रांत नातीचें उष्टावण झालें. आमच्या सौ.नीं फार वर्षांपूर्वीं काशीहून आणलेल्या गंगाजळाचा तांब्याचा गडू देव्हाऱ्यांत जपून ठेवला आहे. बाळाच्या मुखीं पहिला थेंब त्याचा पडावा, अशी त्यांची इच्छा होती. गडूचें तोंड फोडून त्यांनीं चमचा पुढें केला, तेव्हां सूनबाईंनीं तो हळूच हातांतून घेतला आणि म्हणाल्या, ‘सासूबाई, उकळून घेऊं या का?’

घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग आमच्या सौ. उठल्या, आणि त्यांनीं स्वतःच्या हातांनीं गॅस पेटविला.